बंड्या, मी आणि कबड्डी

तुम्हा सगळ्यांना एकच तोंड आहे. मला दोन आहेत! एक नेहमीच्या जागी, आणि दुसरं पोटावर, बेंबीच्या उजव्या अंगाला जरासं खाली. हसू नका, अगदी खरं सांगतोय. डॉक्टर त्याला ‘स्टोमा’ म्हणतात आणि ग्रीक भाषेत स्टोमा म्हणजे तोंडच. वरचं तोंड खातं, खालचं फक्त बाहेर टाकतं. आवाज मात्र दोघंही करतात. खालचं तर शाळेत प्रार्थनेच्या वेळी हटकून बोलायचं. सगळे हात जोडून डोळे मिटून उभे, आणि इकडे माझ्या पोटातून ‘पुर्रर्र’!

इतका वात्रट म्हणून मी त्याचं नाव ठेवलं बंड्या.

बंड्या माझ्याकडे आला त्याचं असं झालं. सातवीत असताना मला रक्ताचे जुलाब सुरू झाले. आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. यात मोठ्या आतड्याला आतून फोड येतात, जखमा होतात. औषधं झाली, पथ्यं झाली, वजन उतरत राहिलं. शेवटी जुलै २०१५ मध्ये, मी तेरा वर्षांचा असताना, डॉक्टरांनी माझं मोठं आतडं सगळंच्या सगळं काढून टाकलं. मग लहान आतड्याचं टोक पोटाला केलेल्या भोकातून बाहेर काढलं, सदऱ्याची बाही दुमडतो तसं उलटं दुमडलं आणि कातडीला शिवून टाकलं. तुमच्या गालाची आतली बाजू कशी लाल आणि ओली असते? बंड्या तसाच दिसतो. त्याच्याभोवती एक चिकट चकती लावायची आणि चकतीला पिशवी. पोटातलं सगळं त्या पिशवीत येतं. बंड्याला झडप नाही, त्यामुळे ‘थांब जरा’ म्हटलं तर तो ऐकत नाही. पिशवी एक तृतीयांश भरली की आपणच जाऊन रिकामी करायची.

काही मुलांना असा स्टोमा जन्मल्या जन्मल्या करावा लागतो, कारण त्यांना शौचाची जागाच नीट तयार झालेली नसते. कुणाला अपघातानंतर लागतो. पुष्कळांचा काही महिन्यांनी पुन्हा बंद करतात. माझा कायमचा आहे.

आता कबड्डीकडे वळू. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. आमच्याकडे पोराला चालता यायला लागलं की ते कबड्डी खेळतं असं म्हणतात, ते फारसं खोटं नाही. मी चढाईपटू होतो, आणि पाय बरे पडायचे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक सिस्टर आल्या आणि पोटावर पेनाने खूण करू लागल्या. स्टोमा नेमका कुठे आणायचा ते आधी ठरवतात. “बस बरं. आता वाक. आता उभा राहा. चड्डीची नाडी कुठे बांधतोस?” कारण वळीवर किंवा नाडीखाली स्टोमा आला तर चकती नीट चिकटत नाही. मी म्हटलं, “सिस्टर, चढाईला उभा राहतो तसा राहून दाखवू?” त्या हसल्या, पण म्हणाल्या, “दाखव.” मी वॉर्डात, दोन खाटांच्या मध्ये, गुडघे वाकवून हात पसरून उभा राहिलो. त्यांनी पाहिलं, पहिली खूण पुसली आणि बोटभर बाजूला नवी केली. त्या बोटभर अंतराचा उपयोग मला पुढे किती झाला म्हणून सांगू!

मी खाटेवर होतो तेव्हा प्रो कबड्डीचा दुसरा हंगाम चालू होता. त्या ऑगस्टमध्ये यू मुंबाने बंगळुरू बुल्सला हरवून चषक जिंकला. वॉर्डातल्या टीव्हीपुढे मी, सलाइनची बाटली आणि शेजारच्या खाटेवरचे आजोबा. पकड झाली की पाच-सहा जण चढाईपटूच्या अंगावर पडायचे. एरवी मी ओरडलो असतो. त्या दिवसांत मात्र प्रत्येक पकडीला माझा हात आपोआप पोटावर जायचा.

घरी सोडताना मी डॉक्टरांना विचारलं, “मी कबड्डी कधी खेळू?”

आईने माझ्याकडे असं पाहिलं, की विचारू नका.

डॉक्टर म्हणाले, “चालायचं आजपासून. पळण्याचं दोन महिन्यांनी बघू. कबड्डीचं सहा महिन्यांनी बोलू. ‘बोलू’ म्हटलंय हं, ‘खेळू’ नाही म्हटलं.”

कारण त्यांनी समजावून सांगितलं. पोटाच्या स्नायूंची एक भिंत असते. स्टोमासाठी त्या भिंतीला भोक पाडावं लागतं. भिंत पुरती सांधायच्या आत जड उचललं, जोर केला, तर भोकाच्या कडेने आतडं बाहेर डोकावू लागतं. त्याला हर्निया म्हणतात. ती भीती पुढेही राहते, पण सुरुवातीला फार. म्हणून सहा महिने मी दप्तरसुद्धा धाकट्या बहिणीकडे देत होतो. तिने त्याचे पेरू वसूल केले ते वेगळं.

सहा महिन्यांनी आम्ही बोललो. मला वाटलं होतं, डॉक्टर सांगतील ‘मार बसला तर दुखेल.’ त्यांनी सांगितलं ते बरोबर उलटं होतं. म्हणाले, “बंड्याला लागलं तर दुखणार नाही, हीच अडचण आहे.” आतड्याच्या अस्तराला कातडीसारखी वेदना कळतच नाही. चिमटा काढा, ओरखडा येऊ द्या, कळत नाही. तुमच्या गुडघ्याला खरचटलं तर गुडघा बोंब मारतो आणि तुम्ही थांबता. बंड्या एरवी इतका बोलतो, पण अशा वेळी गप्प! म्हणजे खेळ झाला की दर वेळी डोळ्यांनीच पाहायचं. लाल किंवा गुलाबी आणि ओला असेल तर ठीक. पुसताना रक्ताचे एक-दोन थेंब आले तरी घाबरायचं कारण नाही. पण रक्त थांबतच नसेल, किंवा रंग जांभळा, काळपट झाला असेल, तर कपडेही न बदलता दवाखाना गाठायचा.

आईला हे ऐकून काय वाटलं असेल ते तुमच्या आयांना विचारा. ती म्हणाली, “डॉक्टर, याला बुद्धिबळ नाही का चालणार?”

डॉक्टर म्हणाले, “चालेल की. पण हा खेळणार नाही. हा चोरून कबड्डी खेळेल, आणि ते जास्त वाईट.”

आई रस्ताभर बोलली नाही.

त्यांनी तीन अटी घातल्या. बचावात सूर मारून घोट्याची पकड करायची नाही, कारण त्यात पोटावरच पडावं लागतं. चढाईत हात लावून, पाय लावून, बोनस घेऊन परत यायचं. गुण मिळवण्यासाठी झोंबाझोंबी नको. आणि पोटावर योग्य कवच असल्याशिवाय मैदानात उतरायचं नाही, आणि कवच सरकलं असं वाटलं की त्या क्षणी दम सोडायचा. मग गुण जावो की सामना जावो.

कवच आणायचं कुठून? परदेशात स्टोमासाठी तयार कवचं मिळतात, असं सिस्टरांनी सांगितलं होतं, पण आमच्या तालुक्यात ती कुठली मिळायला! तोवर आजीने शक्कल लढवली. धुतल्या साडीची घडी करून पोटावर घट्ट बांधली. पैलवान बांधतात तशी. ती बांधून मी नुसता सराव केला, पळालो, कुणी हातसुद्धा लावला नाही. अर्ध्या तासात चकतीच्या कडेने गळायला लागलं. का माहीत आहे? घट्ट बांधल्यामुळे पिशवी पोटाला चपटी चिकटली, आत जागाच उरली नाही. मग बंड्याने जे बाहेर टाकलं ते खाली पडायच्या ऐवजी चकतीखाली शिरलं. पोरांच्या देखत झालं. सरांनी आपला टॉवेल माझ्या कमरेला गुंडाळला आणि मला घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, “सांगायचं की नाही ते तू ठरव. मी काही बोलणार नाही.” मी सांगायचं ठरवलं. मैदानावर सगळ्यांना गोल बसवलं, सदरा वर केला आणि पिशवी दाखवली. जरा शांतता झाली. मग आमच्या कोपरारक्षकाने विचारलं, “म्हणजे तुला परीक्षेत मध्येच उठून जावं लागत नाही?” मी म्हटलं, “फारसं नाही.” तो म्हणाला, “मजा आहे राव!” आणि सगळे हसले. पुढे ‘बंड्या काय म्हणतोय?’ हा आमच्या संघाचा नमस्कारच झाला. पण खरं सांगतो, सगळ्यांनाच असे मित्र मिळतात असं नाही, आणि सांगायलाच हवं असाही नियम नाही. प्रशिक्षकांना आणि एखाद्या जवळच्या माणसाला मात्र माहीत असावं.

कवच शेवटी मिळालं ते कृत्रिम पाय आणि पट्टे बनवणाऱ्या एका कारागीर काकांकडे. डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली होती. काकांनी आधी माझ्या पोटाचा प्लास्टरचा साचा घेतला. गार प्लास्टर पोटावर, आणि बंड्या नेमका तेव्हाच बोलला! मग साच्यावर तापवून मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा बसवला. थंड झाल्यावर एक लांबट वाटी तयार झाली. काकांनी समजावलं ते मला अजून आठवतंय. टेबलावर एक पेढा ठेवला, त्यावर स्टीलची वाटी पालथी घातली आणि वाटीवर जोरात बुक्की मारली. पेढा तसाच. जोर गेला कुठे? वाटीच्या काठाकडून टेबलाकडे. कवचाचं काम तेवढंच. मधे बंड्याला कशाचाही स्पर्श नाही, आणि सगळा मार काठावर, म्हणजे भोवतालच्या पोटावर पसरलेला. म्हणून काठ रुंद हवा आणि त्याला मऊ फोम हवा, नाहीतर काठच कातडीत रुततो. वाटी पुरेशी खोल हवी, म्हणजे आत पिशवी चपटी होत नाही. खालच्या बाजूला एक खाच, तिथून पिशवीचा शेपटासारखा भाग बाहेर येतो. बाहेरूनही फोम, कारण समोरच्या खेळाडूचं डोकं त्यावर आपटलं तर त्यालाही लागायला नको. पेढा काकांनी मलाच दिला.

(घरी डबा कापून असलं काही करू नका. कापलेली कड ब्लेडसारखी असते. ते ज्याचं काम आहे त्यालाच करू द्यावं.)

जून २०१६ मध्ये, नववीत, मी पुन्हा मैदानात उतरलो. सामन्याआधीची माझी तयारी बाकीच्यांपेक्षा लांबलचक असे. जेवण तीन तास आधी, कारण जेवलं की बंड्याला काम लागतं. जेवणात भात आणि केळं, त्याने पातळपणा कमी होतो. शेंगदाण्याची चिक्की सगळे खायचे, मी नाही. दाणे, खोबरं, मक्याचे दाणे नीट न चावता गेले तर आतड्याच्या अरुंद तोंडाशी अडकून बसतात. मग पिशवी रिकामी करायची. चकती घामाने सुटते, म्हणून कातडी कोरडी करून ती लावायची आणि तळहात पाच मिनिटं दाबून धरायचा, उबेने ती छान बसते. कडेला चिकटपट्टी. वर कवच, त्यावर उंच कमरेची तंग चड्डी, त्यावर गणवेश. दप्तरात एका डब्यात भोक कापून ठेवलेली जादा चकती, पिशवी, ओला रुमाल, कागदी पिशव्या. तो डबा उन्हात तापलेल्या एसटीच्या खिडकीशी ठेवायचा नाही, चकतीचा डिंक पाघळतो.

सामन्याआधी सर मला पंचांकडे न्यायचे. नखं कापली आहेत का, अंगावर कडं-साखळी नाही ना, हे पंच पाहतातच. मी त्यांना कवचही दाखवायचो. एकदा एका पंचांनी नको म्हटलं. मी राखीव खेळाडूंत बसलो. वाईट वाटलं, पण त्यांना परवानगी द्यायचा हक्क होता तसा नाकारायचाही होता. प्रतिस्पर्ध्यांना आम्ही सांगत नव्हतो. त्यांनी मला हळू धरावं, हे मला नको होतं.

मध्यंतराची पाच मिनिटं पिशवी रिकामी करण्यात जायची. शाळांच्या शौचालयांना बहुधा कडी नसते. आमचा एक राखीव खेळाडू दाराला पाठ लावून उभा राहायचा. सर त्याला म्हणायचे, “तूच खरा राखीव!”

त्या वर्षीची तालुक्याची उपांत्य फेरी. शेवटची चढाई, आम्ही एका गुणाने मागे, आणि चढाई माझी. मी डाव्या कोपऱ्याला हात लावला, वळलो, आणि मध्यरक्षकाने मागून कमरेला मिठी मारली. मध्यरेषा दोन हातांवर. दोन हात म्हणजे काय हो, अंग झोकून दिलं असतं तर बोटं पोचली असती! तेवढ्यात कवच वर सरकल्याचं जाणवलं. दुखलं काहीच नाही. नुसतं सरकलं.

मी दम सोडला.

शिट्टी वाजली. आम्ही दोन गुणांनी हरलो. कप्तान मैदानावरच डोक्याला हात लावून बसला. परतीच्या टेम्पोत कुणी बोललं नाही, ‘बंड्या काय म्हणतोय’ सुद्धा कुणी विचारलं नाही. घरी कवच काढून पाहिलं, तर काठाची लाल चंद्रकोर पोटावर उमटली होती, बंड्यापासून फक्त बोटभर अंतरावर. तीच ती सिस्टरांनी सरकवलेली बोटभर जागा असावी, असं मला उगीचच वाटलं. बंड्या मजेत होता. कप्तानाला मी ती चंद्रकोर दाखवायला गेलो नाही. दोन दिवसांनी तोच घरी आला आणि आईला म्हणाला, “काकू, ते सरकतंय कशानं?”

मग आईने शिलाई मशीन पुढे ओढलं. जी बाई बुद्धिबळाचं म्हणत होती, तिने चड्डीच्या आतून जाड कापडाचा खिसा शिवला, कवच त्यात बसेल असा, आणि खिशाच्या खालच्या कडेपासून दोन्ही मांड्यांच्या पट्टीपर्यंत इलॅस्टिक. कवच वर चढायचं बंद. पुढच्या वर्षी आम्ही उपांत्य सामना जिंकलो आणि अंतिम सामना हरलो. त्या हरण्यात बंड्याचा काही हात नव्हता.

एक गोष्ट राहिली, आणि ती मारापेक्षाही मोठी आहे. पाणी! लहान आतड्यातून मोठ्या आतड्याकडे रोज साधारण दीड लिटर पातळ पदार्थ येतो. त्यातलं पाणी आणि मीठ परत शोषून घेणं हे मोठ्या आतड्याचं काम. माझ्याकडे ते खातंच बंद! त्यात कबड्डीचा घाम. नुसतं पाणी ढोसलं तर ते सरळ बाहेर पडतं आणि जाताना मीठही घेऊन जातं. म्हणून मी जलसंजीवनी पितो, पुडीवर लिहिलेल्या मापानेच. डोकं दुखू लागलं, पायात गोळे आले, लघवी थोडी आणि गडद झाली, की समजायचं, उशीर होतोय. हीच जलसंजीवनी १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलरा झालेल्या निर्वासितांना पाजली आणि हजारो जीव वाचवले. मिठा-साखरेचं साधं पाणी!

आणखी एक माणूस मला त्या काळात भेटला, पुस्तकात नव्हे, डॉक्टरांच्या बोलण्यात. रॉल्फ बेनिर्श्के. अमेरिकन फुटबॉलमध्ये सॅन दिएगो चार्जर्स संघाचा किक मारणारा खेळाडू. त्याला माझाच आजार झाला, १९७९ मध्ये मोठं आतडं काढावं लागलं, पोटावर पिशवी आली. १९८० मध्ये तो पुन्हा मैदानावर होता. २ जानेवारी १९८२ ला मायामीमध्ये जादा वेळेपर्यंत लांबलेल्या सामन्यात त्याच्याच किकवर त्याच्या संघाने ४१–३८ असा विजय मिळवला. १९८६ पर्यंत तो खेळला. आता कुणी म्हणेल, किक मारणाऱ्याला धडका कमी बसतात. बरोबर आहे! मलाही तेच आवडलं. त्याने खेळ सोडला नाही, आणि त्याची मैदानावरची जागाही अशी होती की जिथे मार कमी. मीसुद्धा घोट्याची पकड सोडून बोनसवर जगलो.

आई-बाबांनो, तुमच्यासाठी दोनच शब्द. ‘खेळू का’ हा प्रश्न ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. आमच्या वॉर्डातल्या दुसऱ्या एका मुलाला त्यांनी कबड्डीला साफ नाही सांगितलं आणि पोहायला लावलं. (हो, पिशवी लावून पोहता येतं.) आणि मुलाची पिशवी तुम्हीच कायम बदलत बसू नका. ती त्याला स्वतःला बदलता येऊ द्या, मैदानावर तुम्ही नसणार.

मी आता नोकरी करतो, रविवारी गावच्या मंडळाकडून खेळतो. मागच्या महिन्यात शेजारच्या गावातला एक सहावीतला मुलगा वडिलांबरोबर आला. त्याला फुटबॉल खेळायचाय. मी माझं जुनं कवच काढून दाखवलं. त्याने लावून पाहिलं, पण त्याचा स्टोमा डाव्या बाजूला आणि पोट माझ्या निम्मं, ते कसं बसणार! काकांचा पत्ता दिला, डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितली. निघताना तो हळूच म्हणाला, “दादा, मी पण नाव ठेवू का?” त्याने काय ठेवलंय ते तो मला सांगत नाही. आई त्याच्या चड्डीला खिसा शिवतेय, डाव्या बाजूला.